मोठ्या तोंडाचं हत्यार

मराठी मध्यमवर्गीय माणसाचं निम्मं आयुष्य ‘कुठल्या कंपनीचं घ्यावं’ या विचारात जातं आणि उरलेलं निम्मं ‘दुसऱ्या कंपनीचं घेतलं असतं तर बरं झालं असतं’ या विचारात. पंखा असो, मिक्सर असो की साधी पाण्याची टाकी असो, चार शेजाऱ्यांना विचारल्याशिवाय आपण दुकानाची पायरी चढत नाही. त्यातून आमचं पिंपरी-चिंचवड म्हणजे कंपन्यांचंच गाव. इथे माणसाची ओळख आडनावावरून होत नाही, गेटवरून होते. ‘ते टेल्कोतले जोशी’, ‘हे बजाजमधले जोशी’. टेल्कोचं नाव बदलून टाटा मोटर्स झालं त्याला वीस वर्षं उलटली, पण जोशी अजून टेल्कोतलेच आहेत. एकेकाळी याच गावात तयार होणाऱ्या स्कूटरसाठी याच गावातली माणसं वर्षानुवर्षं नंबर लावून बसायची. कुठली घ्यावी हा प्रश्नच नव्हता. कधी मिळेल एवढाच होता. आता मिळते लगेच, पण कुठली घ्यावी ते ठरवण्यात तेवढीच वर्षं जातात.

एका वस्तूच्या बाबतीत मात्र हा प्रश्न मला आयुष्यात पडेल असं वाटलं नव्हतं. ती वस्तू म्हणजे रिव्हॉल्व्हर. आमच्या घराण्यात ज्ञात इतिहासातलं सर्वांत घातक हत्यार म्हणजे आजोबांचा अडकित्ता. तो पंढरपूरहून आला होता आणि त्याने एका सुपारीपलीकडे कुणाचा जीव घेतल्याची नोंद नाही.

प्रश्न पडला तो आमच्या शाखेच्या एका खातेदारांमुळे. चाकणच्या पलीकडचं त्यांचं गाव. जमीन कारखान्यांच्या पट्ट्यात गेली, खात्यात एकदम इतकी शून्यं आली की पासबुक छापणारं यंत्रसुद्धा मध्ये दम खायला थांबलं. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. एके दिवशी अण्णांनी काउंटरच्या काचेतून मोबाइल आत सरकवला. पडद्यावर एक अमेरिकन गृहस्थ हातभर लांबीचं रिव्हॉल्व्हर घेऊन कलिंगड फोडत होते.

“सायेब, तुमी लिवता-वाचता. शिकारीचं रिव्हॉल्वर कुठल्या कंपनीचं बरं? लय मोठ्या तोंडाचं पायजे.”

“शिकार कशाची करणार अण्णा?”

“शिकार नाय ओ. नुसतं असावं.”

आता, बी.कॉम. झालेल्या माणसाची एक खोड असते. कुठलीही वस्तू समोर आली की तिचं मागचं खातं उघडून पाहायचं. जमेला काय, नावे काय. अण्णांना ‘बघून सांगतो’ म्हणालो आणि पुढचे काही महिने वाचनालयाचा, शेजाऱ्यांचा आणि पत्नीचा संशय ओढवून घेत रिव्हॉल्व्हरचा इतिहास वाचत बसलो. “अहो, मॅनेजरशी काही बिनसलंय का?” असं तिने दोनदा विचारलंही.

सुरुवात ‘बोअर’ या शब्दापासून करावी लागते. हा शब्द मला प्रथम समजावून दिला तो आमच्या शाखेच्या हवालदारकाकांनी. काका लष्करातून निवृत्त झालेले, आता आमच्या दाराशी स्टुलावर दुनळी बंदूक घेऊन बसतात. ते म्हणाले, “साहेब, एक पौंड शिसं घ्यायचं. त्याच्या सारख्या बारा गोळ्या करायच्या. त्यातली एक ज्या नळीत बरोब्बर बसेल ती बारा बोअर.” म्हणजे आकडा जेवढा मोठा तेवढं तोंड लहान. भागीदार वाढले की वाटा कमी होतो, हे कॉमर्सच्या माणसाला वेगळं शिकवावं लागत नाही. पुढे रिव्हॉल्व्हरच्या दुनियेत हा हिशेब सुटला आणि इंच आले. पॉइंट ३२ म्हणजे साधारण आठ मिलिमीटर, पॉइंट ४४ म्हणजे अकरा, आणि पॉइंट ५० म्हणजे साडेबाराच्या थोडं वर. एवढं पाठ केलं की चारचौघांत बंदुकीवर बोलायला माणूस मोकळा.

रिव्हॉल्व्हरचा जन्म अमेरिकेत झाला असं पुस्तकात असतं, पण गर्भ राहिला तो कलकत्त्याच्या वाटेवर. १८३० साली सॅम्युएल कोल्ट नावाच्या सोळा वर्षांच्या पोराला बापाने जहाजावर खलाशी म्हणून धाडून दिलं. पोरगं शाळेत दारूकामाचे उद्योग करून बसलं होतं. ‘कॉर्व्हो’ नावाचं ते जहाज कलकत्त्याला निघालं होतं. वाटेत जहाजाचं चाक फिरताना आणि अडकताना बघून कोल्टला गोळ्यांचं फिरतं चाक सुचलं आणि त्याने फावल्या वेळात लाकडाचा नमुना कोरला, अशी आख्यायिका आहे. आपल्याकडे बोटीवर माणसाला फक्त ओकारी सुचते. १८३६ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, कोल्टने अमेरिकेत पेटंट घेतलं. या वयात आमची पिढी बँकेच्या परीक्षेचे फॉर्म भरत होती.

आणि मग सुरू झालं ते आपल्या ओळखीचं भांडण: कुठल्या कंपनीचं चांगलं?

१८५१ साली लंडनच्या हाइड पार्कात मोठं जागतिक प्रदर्शन भरलं. कोल्टसाहेब आपला माल मांडून बसले होते, आणि त्याच प्रदर्शनात रॉबर्ट ॲडम्स नावाचा लंडनचा कारागीर आपलं नवं रिव्हॉल्व्हर घेऊन उभा होता. कोल्टचं ‘नेव्ही’ रिव्हॉल्व्हर सहा गोळ्यांचं, तोंड पॉइंट ३६, नेम चांगला; पण प्रत्येक गोळीला घोडा अंगठ्याने मागे ओढावा लागे. ॲडम्सचं पाच गोळ्यांचं, तोंड मोठं, चौकट एकसंध; नुसता चाप ओढला की घोडा आपोआप मागे जाऊन आपटे. कोल्टवाले म्हणत, “आमची एक गोळी जास्त.” ॲडम्सवाले म्हणत, “आमची गोळी जाड, आणि अंगठ्याला कष्ट नाहीत.” कोल्टवाले म्हणत, “चाप जोराने ओढावा लागतो, हात हलतो, नेम चुकतो.” ॲडम्सवाले म्हणत, “शत्रू हाताच्या अंतरावर आला की नेम कोण धरतो?” गेल्या पावणेदोनशे वर्षांत बंदुकीची कंपनी बदलली, भांडणारे बदलले, पण या वादातली चार वाक्यं बदललेली नाहीत. १८५६ मध्ये ब्यूमाँट नावाच्या लष्करी इंजिनिअरने ॲडम्सच्या यंत्रात सुधारणा केली. मग अंगठ्यानेही चालू लागलं आणि नुसत्या चापानेही. इंग्रजी लष्कराने ते उचललं, आणि कोल्टने लंडनमध्ये थाटलेला कारखाना काही वर्षांतच गुंडाळला गेला.

या दोन कंपन्यांचा निकाल लागला तो मात्र आपल्या देशात, १८५७ साली. त्या वर्षाची एक हकीकत फॉस्बेरी नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने पुढे सांगितली. हा फॉस्बेरी बंगालच्या फौजेत होता, व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेला, आणि पुढे त्याने स्वतःच एक रिव्हॉल्व्हर काढलं. हकीकत अशी की, एका गोऱ्या अधिकाऱ्याला आपल्या नेमबाजीचा मोठा अभिमान होता. त्याच्यावर एक धिप्पाड शिपाई तलवार घेऊन चालून आला. अधिकाऱ्याच्या हातात कोल्ट नेव्ही. त्याने एकामागून एक सहाही गोळ्या झाडल्या. त्यातल्या पाच छातीत, एकमेकींच्या शेजारी लागल्या. शिपाई थांबला नाही. त्याने साहेबाचं डोकं दुभंगलं.

या हकीकतीवरून बंदूकवाल्यांनी जो धडा घेतला तो असा: पॉइंट ३६ चं तोंड लहान पडतं, मोठं हवं. शंभर-दीडशे वर्षं हा किस्सा मोठ्या तोंडाच्या बाजूने पुरावा म्हणून दिला जातो. वाचताना मला मात्र राहून राहून वाटत होतं, छातीत पाच गोळ्या घेऊन माणूस चालत राहतो, तो काय गोळी लहान होती म्हणून? कशापायी चालत राहिला असेल तो? पण हा प्रश्न बंदुकीच्या कारखान्यात विचारता येत नाही. तिथे उत्तर फक्त इंचात देतात.

इथून पुढे हिंदुस्थानातल्या गोऱ्या साहेबाला मोठ्या तोंडाचं वेडच लागलं. त्या वेडाचा कळस म्हणजे ‘हौदा पिस्तूल’. आता हा प्रकार नीट समजून घेण्यासारखा आहे. साहेब वाघाच्या शिकारीला निघाला आहे. साहेब हत्तीवर. हत्तीवर हौदा. हौद्यात साहेबाच्या हातात भली मोठी रायफल, मागे दुसरी भरून देणारा नोकर, आजूबाजूला आणखी हत्ती. एवढा सगळा सरंजाम असूनही साहेबाच्या मनात एक शंका असे: समजा वाघ हत्तीच्या अंगावर चढला तर? तेवढ्या जागेत रायफल फिरवता येणार नाही. म्हणून त्याच्यासाठी आखूड, जाड, दोन किंवा चार नळ्यांचं, राक्षसी तोंडाचं पिस्तूल लंडनचे कारागीर बनवू लागले. त्यात चार्ल्स लँकेस्टर या पेढीचं चार नळ्यांचं पिस्तूल फार नावाजलं. मग क्लबात पुन्हा वाद: लँकेस्टर बरं की वेब्ली? लँकेस्टरला फिरतं चाक नाही, म्हणून अडकत नाही. पण गोळ्या चारच. वेब्लीला सहा, पण ऐन वेळी चाक रुसलं तर? शिकारीचं रिव्हॉल्व्हर म्हणून अण्णांनी मला मोबाइलवर दाखवलं ते ज्या घराण्यातलं, त्याचे पणजोबा हे हौद्यात बसलेले.

आणि खाली? खाली हाकारे. शंभर-शंभर माणसं, पायात वहाण असली तर असली, हातात काठी नाहीतर वाजवायला डबा, गवतात वाघ कुठे आहे ते कुणालाच ठाऊक नाही. वाघ निघाला तर आधी त्यांच्यातूनच निघणार. पण वाघ हत्तीवर चढला तर काय करायचं, याचाच शोध लागला. डबा कुठल्या कंपनीचा बरा, यावर क्लबात चर्चा झाल्याचं काही वाचनात आलं नाही.

हाकाऱ्याने स्वतः बंदूक घ्यायची म्हटलं तर १८७८ साली लॉर्ड लिटनच्या राजवटीत हत्यारांचा कायदा आला. या देशातल्या माणसाला हत्यार बाळगायला परवाना हवा. युरोपियन माणसाला त्याची गरज नाही. कोल्ट, ॲडम्स, वेब्ली, लँकेस्टर हा सगळा चोखंदळपणा त्यामुळे एकाच बाजूला राहिला. दुसऱ्या बाजूला प्रश्न फारच सोपा झाला. नंबर लावायचा आणि तो न लागण्याची वाट बघायची. या कायद्याविरुद्ध काँग्रेसच्या सुरुवातीच्या अधिवेशनांतून ठराव झाले. पण कायदा जागचा हलला नाही. उलट विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सरकारने पॉइंट ४५० च्या रायफलींवरही बंदी घातली, कारण त्या मापाची काडतुसं सरहद्दीवर बंडखोरांच्या हाती पडत होती. त्यावर लंडनच्या बंदूकवाल्या पेढ्यांनी काय करावं? कुणी पॉइंट ४६५ काढली, कुणी ४७०, कुणी ४७६. कायद्याने एक दार लावलं की शेजारी चार खिडक्या पाडायच्या, ही कला आपल्याकडच्या कर सल्लागारांनी शोधली असा माझा गैरसमज होता.

आता आमच्या भागाकडे येतो. मोठ्या तोंडाच्या हत्याराशी इथली ओळख जुनी आहे. १६६० साली शाइस्ताखान प्रचंड फौज आणि तोफखाना घेऊन चाकणच्या भुईकोटापुढे बसला. आत फिरंगोजी नरसाळा मूठभर माणसांनिशी. दीड महिन्याच्या वर किल्ला हलला नाही. शेवटी खानाला जमिनीखालून सुरुंग खणून बुरूज उडवावा लागला. आज तो किल्ला शोधायला निघालं तर आधी ट्रकांच्या रांगा लागतात आणि किल्ला लागेपर्यंत माणूस फिरंगोजींच्या चिकाटीला मनोमन मुजरा करून मोकळा होतो.

दुसरी गोष्ट आमच्या अगदी दाराशी घडली. १८६९ साली इंग्रजांनी खडकीला दारूगोळ्याचा कारखाना काढला. तो आजही आहे. आणि त्याच १८६९ साली, दामोदर हरी चापेकर जन्माला आले. घराणं चिंचवडचं, वडील कीर्तनकार. कारखाना आणि मुलगा एकाच वर्षीचे. मध्ये लोकलची चार-पाच स्टेशनं. दामोदरपंतांना सैन्यात जायचं होतं. सरकारने घेतलं नाही. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग आला आणि प्लेग आवरायला रँडसाहेब आले. सोजीर घराघरांत शिरले, देवघरापर्यंत गेले. २२ जूनच्या रात्री, राणीच्या राज्याचा हीरकमहोत्सव साजरा करून गणेशखिंडीतून साहेबांच्या गाड्या परतत होत्या. दामोदरपंत आणि बाळकृष्णपंत रस्त्याकडेला अंधारात थांबले होते. आयर्स्ट जागीच मेला. रँड ३ जुलैला. पुढे दामोदरपंत, वासुदेवराव, बाळकृष्णपंत आणि त्यांचे सोबती महादेव रानडे, चौघेही १८९८ आणि १८९९ मध्ये येरवड्याला फासावर गेले. तिन्ही भाऊ एकाच आईचे.

चिंचवडच्या चापेकर चौकातून मी रोज बँकेत जातो. शिल्पासमोर सिग्नलला थांबावं लागतं. बंदुकांवरची एवढी पुस्तकं वाचून झाल्यावर एकदा सहज मनात आलं, त्या रात्री त्यांच्या हातात कुठल्या कंपनीची पिस्तुलं होती? आणि लगेच लक्षात आलं की लहानपणापासून किमान पन्नास वेळा ही गोष्ट ऐकली, शाळेत यावर निबंध लिहिला, पण हा प्रश्न कुठल्या गुरुजींनी विचारला नाही आणि कुठल्या पोराला सुचला नाही. ज्याच्यापुढे परवाना नाही, दुकान नाही, पेढी नाही, त्याने जे हाताला लागलं ते घेतलं. साहेबलोकांना सहा गोळ्या की पाच याची पंचाईत होती. या दोघांना आपण घरी परत जाणार नाही हे जवळजवळ ठाऊक होतं.

असो. अण्णांच्या प्रश्नाकडे वळायला हवं, कारण ते दर सोमवारी काचेवर टकटक करत होते.

अण्णा दाखवत होते त्या शिकारी रिव्हॉल्व्हरची कथा पुन्हा अमेरिकेत जाते. आयडाहो संस्थानात एल्मर कीथ नावाचा एक गुराखी लेखक होता. साध्या पॉइंट ४४ काडतुसात जास्त दारू ठासून मोठी जनावरं मारता येतील, असं त्याच्या डोक्यात बसलं होतं. अनेक वर्षं तो कंपन्यांच्या मागे लागला. अखेर १९५५-५६ मध्ये स्मिथ अँड वेसन या जुन्या पेढीने ‘पॉइंट ४४ मॅग्नम’चं रिव्हॉल्व्हर काढलं. गंमत म्हणजे रूगर ही तेव्हाची नवी कंपनी जवळजवळ त्याच वेळी तेच काडतूस खाणारं ‘ब्लॅकहॉक’ घेऊन बाजारात हजर. म्हणे रूगरच्या कुणा माणसाला भंगारात त्या नव्या काडतुसाचं रिकामं टरफल सापडलं आणि त्यावरून त्यांनी माग काढला. मला ही गोष्ट लगेच पटली. आमच्या कुदळवाडीचा भंगारबाजार २०२५ मध्ये महापालिकेने हटवला, पण त्याआधी तिथे चार तास हिंडलं असतं तर या पट्ट्यातल्या कुठल्याही कारखान्याचं पुढच्या वर्षीचं गुपित किलोच्या भावाने मिळालं असतं.

मग पुन्हा कोल्ट-ॲडम्सचंच भांडण. स्मिथचं घोटीव, देखणं, चाप ओढला की चालणारं. रूगरचं मजबूत, स्वस्त, पण प्रत्येक वेळी अंगठ्याने घोडा ओढायचं. १९७१ मध्ये एका सिनेमातल्या पोलिसाच्या हातात स्मिथचं रिव्हॉल्व्हर दिसलं आणि ज्यांनी उंदीरही मारला नव्हता त्यांनी दुकानापुढे रांगा लावल्या. मग चढाओढ. १९८३ मध्ये वायोमिंगच्या एका छोट्या कंपनीने पॉइंट ४५४ काढलं. २००३ मध्ये स्मिथने पॉइंट ५०० काढून सगळ्यांचं तोंड बंद केलं. त्याचं लांब नळीचं रूप दोन किलोच्या वर भरतं. दोन किलो! आमच्याकडे एवढ्या वजनाची पिशवी मंडईतून आणायची तर माणूस रिक्षा करतो. गोळी सुटली की झटका असा बसतो की अस्वलाआधी शिकाऱ्याने बसून घ्यावं.

एवढी तयारी करून मी अण्णांना जेवणाच्या सुट्टीत हवालदारकाकांच्या स्टुलाशेजारी बसवलं आणि निकाल सांगितला.

“अण्णा, यातलं एकही तुम्हाला मिळणार नाही.”

कारण १९५९ चा हत्यारांचा कायदा. त्यात काही मापं सर्वसामान्य माणसाला वर्ज्य आहेत. पॉइंट ३८ नाही, ४५५ नाही. परदेशी हत्यार आणायची सोय १९८० च्या दशकाच्या मध्यापासून साध्या नागरिकाला राहिलेली नाही. शिकार तर १९७२ च्या कायद्याने बंदच. राहता राहिलं ते पॉइंट ३२, आठ मिलिमीटरचं. ते कानपूरच्या सरकारी कारखान्यात होतं. २०१४ मध्ये त्यांनी बायकांसाठी ‘निर्भीक’ काढलं, अर्ध्या किलोचं, किंमत सव्वा लाखाच्या आसपास. २०२३ मध्ये लांब पल्ल्याचं ‘प्रबल’ काढलं. आणि साहेबाची ती वेब्ली? तीसुद्धा २०२० पासून उत्तर प्रदेशात हरदोई जिल्ह्यात तयार होते. ज्या कंपनीचं रिव्हॉल्व्हर कमरेला लावून साहेब आपल्यावर राज्य करायचा, तिचा पत्ता आता हरदोई. तिथेही पॉइंट ३२ च. शिवाय परवान्यासाठी पोलीस आयुक्तालयात अर्ज, चौकशी, कारण द्या. ‘नुसतं असावं’ हा रकाना त्या अर्जात नाही.

अण्णांचा चेहरा पडला. “आठ मिलिमीटर? म्हंजी उंदराचं बीळ बी मोठं आसतं.”

तेव्हा हवालदारकाका उठले. आपल्या दुनळीतली काडतुसं त्यांनी काढून खिशात टाकली, बंदूक मोडून नळ्या उजेडाकडे धरल्या. “अण्णा, बघा. बारा बोअर. साडेअठरा मिलिमीटर. तुमच्या त्या अमेरिकेच्या पाचशे नंबरची गोळी यात टाकली तर खडखडत खाली पडेल. गेली पंधरा वर्षं रोज तुमच्यासमोर घेऊन बसतोय. याच्याएवढं तोंड तुमच्या मोबाइलमध्ये एकाला नाही.”

अण्णांनी एक डोळा मिटून नळीतून आमच्या रोखपालाकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, “पन हे कमरंला लावता येत न्हाई.”

मला वाटलं विषय हसण्यात संपला. पण काका हात धुवायला गेल्यावर अण्णा खालच्या आवाजात म्हणाले, “जमिनीचा पैका आल्यापास्नं झोप नाय सायेब. धाकट्या भावाशी वाटणीवरनं कोर्टात केस चालू हाय. रातीला फाटक वाजलं तरी उठून बसतो. तो कुनाला घिऊन यील का, आसं वाटतं.”

मी काय बोलणार? कोल्ट आणि ॲडम्सच्या वादात मला गती होती, यात नव्हती. बँकेतला माणूस अशा वेळी कागदाकडे बघतो. अण्णांच्या मुदत ठेवीचं नूतनीकरण त्याच दिवशी होतं. फॉर्म पुढे ओढून मी सवयीने विचारलं, “नामनिर्देशन कोणाचं आहे? तेच ठेवायचं ना?”

अण्णांनी चष्मा लावला. रकान्यात धाकट्या भावाचं नाव होतं. जमीन जायच्या आधी, पहिलं छोटं खातं उघडलं तेव्हा दिलेलं, आणि दर वेळी तसंच पुढे आलेलं. अण्णा त्या नावाकडे बघत राहिले. मागे रांग लागली, टोकन पुकारलं गेलं, कुणीतरी पेन मागून गेलं.

“बदलायचं का अण्णा?”

“ऱ्हाऊ द्या,” ते म्हणाले आणि सही करून गेले. कोर्टातल्या केसचं काय झालं मला ठाऊक नाही. कंपनीबद्दल मात्र त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

हे सगळं वाचून माझं स्वतःचं एक मत झालं आहे. बंदूकशास्त्रात त्याला काही किंमत नाही. नळीचं तोंड मोजायला इंच आणि मिलिमीटर वापरतात, पण मोजलं जातं ते हत्यार घेणाऱ्याचं भय. हत्तीवर बसलेल्याचं पिस्तूल सर्वांत मोठं होतं आणि गवतात उतरलेल्याकडे डबा होता. ज्यांच्याजवळ गमावण्यासारखं फार असतं त्यांना पाच गोळ्या पुरत नाहीत, सहा हव्या असतात. आठ मिलिमीटर पुरत नाही, अकरा हवं असतं. आणि ते आलं तरी फाटक वाजायचं थांबत नाही.

शिकारीचा विषय निघालाच आहे तर आमच्या पट्ट्यातल्या एका खऱ्या शिकारीची गोष्ट सांगतो. मार्च २०२२. चाकणचा मर्सिडीज गाड्यांचा कारखाना. पहाटेच्या सुमारास आत बिबट्या शिरला. जुन्नर-खेडकडच्या उसातला असणार. पूर्वी त्याच्या पणज्याच्या वाटेवर कारखाना नव्हता, एवढाच फरक. कोट्यवधीच्या यंत्रांमध्ये बिबट्या फिरतोय, कामगार बाहेर, काम ठप्प. शंभर वर्षांपूर्वी असता तर हत्ती आले असते, हौदे आले असते, लँकेस्टर की वेब्ली यावर दोन तास वाद झाला असता आणि आत आधी हाकारे पाठवले असते.

आता वनखात्याची माणसं आली, आणि त्यांच्याबरोबर जुन्नरजवळच्या माणिकडोह बिबट केंद्राची. काही तास शोध चालला. ही माणसं हत्तीवर नव्हती. आपल्या पायांवर, यंत्रांच्या आडोशाने, बिबट्याच्या पातळीवर उभी होती. मग भुलीच्या औषधाची एक सुई सुटली, आणि बिबट्या हळूहळू आडवा झाला. त्याला पिंजऱ्यात घालून माणिकडोहला नेलं. कुणाला खरचटलं नाही, बिबट्यालाही नाही, आणि थांबलेलं काम पुन्हा सुरू झालं.